माजघरात रेंज का येत नाही?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील नव्या वाटा’ असा विषय सुचवला होता. तो मी त्यांच्या परवानगीने बदलून घेतला. आपल्या बॅचच्या ग्रुपवर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न नव्या वाटांचा नाही. तो असा असतो : “गावच्या घरी फायबर घेतलंय, पण आई माजघरात बसते तिथे रेंजच येत नाही. कोणतं मशीन घेऊ?” विचारणारा मुंबईत, पुण्यात नाहीतर मस्कतला असतो. गावात आई-वडील दोघंच असतात, आणि काही घरांत आता एकच माणूस उरलं आहे.

हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. गुडघे दुखत असलेल्या माणसाला मुलाशी बोलायला प्रत्येक वेळी ओटीवर यावं लागतं. रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं तर फोन लागणार तो ओटीवरूनच. डॉक्टर व्हिडिओवर बघायला तयार असतात, पण आजारी माणूस आतल्या खोलीत झोपलेलं असतं. म्हणून आजची वीस-पंचवीस मिनिटं मी याच प्रश्नाला देणार आहे. सोबत कागद-पेन असेल तर काढून ठेवा, शाळेत आहोत असं समजून.

रेंज म्हणजे काय

आपल्याला वाटतं, राउटर म्हणजे दिवा आणि त्याचा उजेड घरभर पसरतो; लांब गेलं की उजेड कमी. हे अर्धंच खरं आहे. वायफाय हे संभाषण आहे. राउटर बोलतो ते फोनला ऐकू यावं लागतं, आणि फोन बोलतो ते राउटरला. यातला फोन नेहमी हळू आवाजात बोलतो. त्याची बॅटरी लहान, अँटेना लहान. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, त्याचा आवाज मोठा.

फोनवर दिसणाऱ्या दांड्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज फोनला कितपत ऐकू येतोय. फोनचं बोलणं तिकडे पोचतं का, हे त्या सांगत नाहीत. म्हणून कधी कधी दोन दांड्या दिसतात, तुमचा चेहरा आईला नीट दिसतो, पण आईचा आवाज तुमच्याकडे तुटक येतो. ‘जास्त पॉवरचा’ महागडा राउटर आणून हे सुटत नाही. गुरुजींनी आवाज वाढवला म्हणून शेवटच्या बाकावरच्या मुलाचा आवाज वाढत नाही. त्या मुलाजवळ जाऊन उभं राहावं लागतं. आज मी जे जे सांगणार आहे त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

आधी मोजा

काही विकत घेण्याआधी दोन मोजमापं करा.

पहिलं, राउटरच्या शेजारी दोन-तीन फुटांवर उभं राहून नेटचा वेग तपासा. तिथेच वेग मिळत नसेल तर दोष घरातल्या वायफायमध्ये नाही; तो बाहेरून येणाऱ्या लाइनमध्ये, तुमच्या प्लॅनमध्ये किंवा राउटरमध्ये आहे. अशा वेळी आत कितीही डबे लावले तरी पैसे वाया जातात.

दुसरं, सिग्नल मोजा. अँड्रॉइड फोनवर वायफाय मोजणारी मोफत ॲप्स मिळतात. त्यात एक उणे आकडा दिसतो, त्याचं एकक डीबीएम. राउटरजवळ तो उणे ३० ते उणे ४० असतो. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सहसा सुरळीत चालतो. उणे ७५ च्या पलीकडे अडखळतो. उणे ८५ ला नाव दिसतं, पण काम होत नाही. या आकड्यांचा हिशेब साधा नाही : दहाचा फरक म्हणजे दहापट फरक. उणे ७७ ची ताकद उणे ६७ च्या एक दशांश असते. आणखी दहाने खाली गेलात तर एक शतांश.

घराचा कच्चा आराखडा कागदावर काढा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, मागची पडवी. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबून आकडा लिहा, आणि दारं नेहमी जशी असतात तशी ठेवा. माणूस जिथे खरोखर बसतं किंवा झोपतं, तिथला आकडा महत्त्वाचा. कोठीच्या खोलीत उणे ८५ असेल तर असू द्या. तिथे फक्त तांदूळ असतात.

हा कागद हातात आला की बहुतेक घरांत एक गोष्ट लगेच दिसते. आकडा हळूहळू कमी होत जात नाही. एका विशिष्ट भिंतीपलीकडे तो धाडकन पडतो. ती भिंत हा तुमचा खरा प्रश्न.

भिंती

आठवीच्या दोन तुकड्यांमध्ये लाकडी पार्टिशन होतं, आठवतं ना? पलीकडे बाईंनी कोणाला काय विचारलं आणि त्याने काय उत्तर दिलं, सगळं आपल्याला कळायचं. आणि ऑफिसची चिऱ्याची भिंत? आत शिपाईकाकांची काय चौकशी चालली आहे याचा पत्ता लागायचा नाही. रेडिओलहरींचंही थोडंफार असंच आहे. लाकूड, प्लाय, प्लास्टिक, साधी काच आणि कौलं यांतून त्या बऱ्यापैकी जातात. चार इंची विटेच्या भिंतीतून थोडं नुकसान होऊन जातात. जाड काँक्रीट दहा-पंधरा डेसिबल सहज खातं. आपल्या जुन्या घरांची दीड-दीड फुटी जांभ्याची भिंत तर त्यांची परीक्षाच बघते. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात चालणारा कॉल जुलैत अडखळायला लागला, तर भिंतीची ओल हे त्याचं एक कारण असू शकतं.

सगळ्यांत वाईट अडथळा धातूचा. लोखंडी कपाट, फ्रिज, पत्र्याची शेड, पाठीमागून चांदीसारखा लेप असलेला मोठा आरसा. यांतून लहर जातच नाही, परत फिरते. राउटर आणि आईची खाट यांच्या सरळ रेषेत लोखंडी कपाट असेल, तर कपाट दुसऱ्या भिंतीला लावणं हा फुकटचा उपाय आहे.

लहरी भिंतीतून पार जातात हे जगाला दाखवणाऱ्या पहिल्या लोकांत आपल्या देशाचे जगदीशचंद्र बोस होते. त्यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्यात रेडिओलहरी मधल्या अडथळ्यांच्या पार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली होती. पण पार जाणं आणि पुरेशी उरणं यात फरक आहे, आणि तो फरक आपल्या माजघरात जाणवतो.

आजच्या राउटरवर बहुधा दोन पट्टे असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून जास्त टिकते, पण तिच्यावर माहिती कमी वेगाने जाते आणि तिथे गर्दी फार. शेजाऱ्यांचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. छोटी लहर वेगवान, पण भिंतीपुढे लवकर दमते. म्हणून जाड भिंतींच्या घरात लांबच्या खोलीला २.४ आणि राउटरच्या खोलीत ५, अशी विभागणी बरी पडते. २.४ वर चॅनेल निवडायचं तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक घ्या. ही तीन एकमेकांवर चढत नाहीत. शहरात इमारतीत राहणाऱ्यांनी हे जरूर बघावं. गावात शेजारचं घर शंभर फुटांवर असेल तर याने फारसा फरक पडणार नाही.

राउटरची जागा

फायबर जोडायला माणूस येतो तेव्हा तो जवळच्या खांबावरून वायर ओढतो, पहिल्या भिंतीला भोक पाडतो आणि डबा तिथेच ठोकतो. त्याला दिवसात अजून चार घरं करायची असतात. त्यामुळे गावच्या बहुतेक घरांत राउटर ओटीच्या बाहेरच्या कोपऱ्यात असतो. म्हणजे त्याचा निम्मा सिग्नल अंगणाला आणि आंब्याला मिळतो, उरलेला निम्मा घराला.

जोडणी नवी घेत असाल तर त्या दिवशी घरी कोणीतरी जाणतं माणूस असू द्या आणि डबा घराच्या मध्यावर बसवायला सांगा. फायबरची काचेची तार चाळीस-पन्नास फूट जास्त आत आली म्हणून वेगात काही फरक पडत नाही. फक्त तिला कोपऱ्यावर काटकोनात मुडपू नये, गोलाई ठेवावी. जुन्या जोडणीतही थोडा खर्च देऊन डबा आत हलवून मिळतो. अनेक घरांचं काम एवढ्यावरच भागतं.

राउटर उंचावर ठेवा, माणसाच्या डोक्याच्या वर. टीव्हीच्या मागे, कपाटात, देवघराच्या पितळी भांड्यांमागे नको. आणि अँटेनांबद्दल एक गंमत. उभ्या काठीसारख्या अँटेनाचा सिग्नल टोकातून बाहेर पडत नाही. तो काठीच्या आजूबाजूला मेदूवड्यासारखा पसरतो. काठी म्हणजे वड्याच्या भोकात उभी केलेली सळई. त्यामुळे अँटेना आईच्या खोलीकडे रोखून ठेवली, तर वड्याचं भोक नेमकं आईकडे होतं. एकमजली घरात अँटेना सरळ उभ्या ठेवा. वर माडी असेल तर एखादी आडवी करा, म्हणजे तिचा वडा वरच्या बाजूलाही जाईल.

आता मशीन

जागा बदलूनही माजघराचा आकडा उणे ७५ च्या पलीकडेच राहिला, तर मात्र आत दुसरं यंत्र लागेल. बाजारात चार प्रकार मिळतात. मी ते माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगते.

पहिला, तार आणि दुसरा ॲक्सेस पॉइंट. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल टाकायची आणि तिच्या टोकाला दुसरा वायफायचा डबा लावायचा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते, तिला भिंतीची पर्वा नसते आणि ओलीचीही नाही. कॅट सिक्स केबल घ्या, आणि आत शुद्ध तांबं असलेली. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असलेली स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. विजेच्या वायरीच्या पाइपातूनच ती नेऊ नका, वेगळी पट्टी मारा. घराबाहेरून न्यायची असेल तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची बाहेरची केबल वापरा.

दुसरा डबा नवा घ्यायलाच हवा असं नाही. बऱ्याच जणांच्या घरी जुना राउटर पडलेला असतो. त्याला ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो लावा. नसेल तर त्यातलं डीएचसीपी बंद करा, त्याला मुख्य राउटरच्या मालिकेतला पण दुसऱ्या कोणाचा नसलेला पत्ता द्या, आणि केबल त्याच्या वॅन नव्हे तर लॅनच्या भोकात लावा. डीएचसीपी म्हणजे घरातल्या उपकरणांना नंबर वाटणारा कारकून. एका ऑफिसात असे दोन कारकून असले की गोंधळ होतो. दोन्ही डब्यांचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, चॅनेल वेगवेगळं ठेवा. मग बाबांना काही निवडावं लागत नाही. ते आतबाहेर करतील तसा फोन आपोआप डबा बदलतो.

इथे एक खोच आहे. डबा कधी बदलायचा हे फोन ठरवतो, राउटर नाही. काही फोन आधीचा डबा सोडायलाच तयार नसतात, अगदी क्षीण ऐकू येत असला तरी. असं झालं तर डब्यांची पॉवर थोडी कमी करा. ऐकायला विचित्र वाटेल, पण दोन डब्यांच्या घरात आवाज कमी केल्यावर कामकाज सुधारतं.

दुसरा प्रकार, मेश. दोन किंवा तीन सारखे डबे, एकाच नावाने चालणारे, ॲपवरून लावता येणारे. लावायला सोपे, दिसायला नीटनेटके, पण महाग. डबे आपापसात हवेतून बोलतात, आणि ते बोलणंही त्याच चिऱ्याच्या भिंतीतून होतं. त्यामुळे दोन डब्यांमध्ये दाराची सरळ रेषा मिळते का ते बघा. बऱ्याच मेश डब्यांना मागे लॅनचं भोक असतं. तिथे केबल जोडली की ते पहिल्या प्रकाराइतकेच भक्कम होतात.

तिसरा, रिपीटर, म्हणजे सॉकेटमध्ये खोचायचा छोटा डबा. सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत जास्त विकला जातो. साधा रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो. प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. व्हिडिओ कॉलला तो निम्मा वेगही पुरतो, म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. पण लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? रिपीटर अधेमधे लावा, जिथे मूळ राउटरचा आकडा उणे ६०-६५ मिळतो आणि जिथून आईची खोलीही जवळ पडते. शक्यतो मधल्या दाराच्या चौकटीजवळ.

चौथा, विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे ॲडॅप्टर. नवीन वायरिंग असलेल्या घरात चालतात. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगवर, दोन खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतील तर, किंवा मध्ये इन्व्हर्टर असेल तर भरवसा नाही. परत करायची सोय असेल तरच घ्या.

मधलं ठाणं नीट निवडलं तर किती लांब जाता येतं, याचं एक उदाहरण सांगते. नेपाळच्या म्याग्दी जिल्ह्यात नांगी नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथे शाळेत शिकवणाऱ्या महाबीर पुन यांनी वायफायचीच उपकरणं वापरून डोंगरांतली खेडी नेटने जोडली. सुरुवातीला झाडांवर अँटेना बांधून, उंचावर मधली ठाणी करून. २००७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी दोन डोंगरमाथ्यांमध्ये ३८२ किलोमीटरचा वायफाय दुवा जोडून दाखवला. मध्ये भिंत नव्हती आणि अँटेना एकमेकींकडे नेमक्या वळवलेल्या होत्या, म्हणून हे जमलं. तेच वायफाय आपल्या घरात तीस फुटांवर हरतं. म्हणजे अडचण अंतराची कमी आणि आडोशाची जास्त आहे. आडोसा तारेने ओलांडा, आणि हवेवर फक्त शेवटची खोली सोडा. आजच्या भाषणातलं एकच वाक्य लिहून घ्यायचं असेल तर हे घ्या.

वीज आणि पाऊस

आपल्या भागात दोन गोष्टी विसरून चालणार नाही.

पहिली, आकाशातली वीज. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ती कुठे पडेल सांगता येत नाही. घरापासून गोठ्यावर, आउटहाउसला किंवा भावाच्या घरी नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका. जवळपास वीज पडली तरी त्या तारेत दाब येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तिथे फायबर न्या आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेतून वीज जात नाही. फक्त त्या केबलला आधारासाठी लोखंडी तार असेल, तर ती घराबाहेरच संपवायला सांगा. आणि गडगडाट सुरू झाला की सगळ्या डब्यांचे प्लग काढायची सवय घरच्यांना लावा.

दुसरी, घरातली वीज. ती गेली की वायफाय गेलं. फायबरचा डबा आणि राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटी बॅटरीवाली यूपीएस मिळते, ती काही तास टिकते. घेताना ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवून बघा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. आणि आत दुसरा डबा लावलात तर तिसराही आला. आईच्या खोलीतला डबाच अंधारात बंद पडला, तर बाकी सगळं चालू असून काय उपयोग?

साधा फोनही याच वाटेने

आपल्यातले काही म्हणतील, आईला व्हिडिओ नको असतो, तिला साधा फोनच बरा. पण दरीतल्या वाड्यांमध्ये मोबाइलचा टॉवरच पोचत नाही. त्यावर वायफाय कॉलिंगचा उपाय आहे. आपल्या देशात २०१९च्या डिसेंबरात एअरटेलने आणि २०२०च्या जानेवारीत जिओने ही सोय सुरू केली. फोनच्या सेटिंगमध्ये ती एकदा चालू करायची, बस्स. मग टॉवरची रेंज नसली तरी नेहमीच्याच नंबरवर, नेहमीसारखाच फोन वाजतो, घरच्या वायफायवरून. वेगळं ॲप नको, काही शिकायला नको. फोनला ही सोय आहे का एवढं बघा. आई-वडिलांना नवा फोन घेताना मी कॅमेऱ्याआधी हे बघते. मात्र वीज आणि फायबर दोन्ही बंद पडले तर हाही फोन बंद. म्हणून टॉवर कुठल्या कोपऱ्यात मिळतो ती जागाही घरच्यांना माहीत असू द्या.

गणपतीत काय होतं

चतुर्थीला चाकरमानी येतात आणि घरात पंचवीस फोन होतात. नेट मंद होतं, आणि सगळे म्हणतात, रेंज वाढवा. इथे अडचण वेगळी आहे. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि दोघांनी थोडं थांबून पुन्हा बोलायचं. या युक्तीचं मूळ हवाई बेटांत आहे. १९७१ साली तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरच्या यंत्रांना रेडिओने एका संगणकाशी जोडलं, त्याचं नाव ‘अलोहानेट’.

आता यात मागच्या पडवीत बसलेला एक पुतण्या धरा. त्याला उणे ८० मिळतंय, म्हणून त्याचा फोन अगदी सावकाश बोलतो. तो बोलत असेपर्यंत बाकीचे सगळे थांबतात. एकाच्या कमजोर सिग्नलमुळे घरभर वेग पडतो. म्हणून मागच्या खोलीत डबा लावणं हा त्या खोलीतल्या माणसावर उपकार नाही. त्याने ओटीवरच्यांचंही नेट सुधारतं.

घरच्यांसाठी

शेवटची गोष्ट तंत्राची नाही. आपण चार दिवस येतो, सगळं बदलतो आणि निघून जातो. मागे राहिलेल्या माणसाला त्या डब्याची भीती वाटते; दिवा लाल झाला तर हात लावायचा की नाही, कळत नाही. म्हणून नवा राउटर आणलात तरी वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, म्हणजे टीव्ही आणि फोन पुन्हा जोडावे लागत नाहीत. त्या पासवर्डात मात्र कोणाचं नाव किंवा जन्मसाल नको, आणि तो गल्लीत वाटलेला नको. असेल, तर त्याच भेटीत बदला आणि घरातले सगळे फोन, टीव्ही स्वतः बसून जोडून द्या. डबे किती आणि कुठे आहेत, कोणता दिवा हिरवा असायला हवा, बंद पडलं तर कोणता प्लग काढून किती वेळाने लावायचा, आणि फायबरवाल्याचा नंबर, एवढं मोठ्या मराठी अक्षरांत कागदावर लिहा आणि डब्याशेजारी चिकटवा. निघण्याआधी एकदा आईच्या किंवा बाबांच्या हातून ते करून घ्या. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा.

या शाळेत बाईंनी आपल्याकडून प्रयोग असेच करून घेतले. साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. मी आज सांगितलं ते याच पाच मथळ्यांत बसतं. आधी घराची आकृती काढा, निरीक्षण लिहा, आणि साहित्य सगळ्यांत शेवटी विकत घ्या. कोणाला अडलं तर ग्रुपवर फक्त “रेंज येत नाही” असं लिहू नका. आराखडा आणि आकडे पाठवा. मी नक्की उत्तर देईन.